नख अडकता कामा नये

गॅरेजात मिस्त्री माझं काम तपासायचे ते अंगठ्याच्या नखानं. गाडीच्या दारावर नवा रंग जिथं जुन्याला मिळतो, तिथून नख हळूच ओढायचे. कुठं अडकलं की म्हणायचे, "घास परत." रागावणं नाही, समजावणं नाही. दिवसभराचं काम त्या दोन शब्दांत जायचं.

नाशिकला द्वारका चौकाजवळच्या त्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात मी नऊ वर्षं काढली. गाड्या सुटून आता पंधरा वर्षं झाली. हल्ली विमानं रंगवतो, वीत-दीड वीत लांबीची, प्लास्टिकची. लोक किट आणून देतात, किंवा नुसतं विमानाचं नाव सांगतात. मी जोडून, रंगवून, पारदर्शक पेटीत बसवून देतो. गिऱ्हाईक म्हणजे हवाई दलातून निवृत्त झालेले लोक, त्यांची मुलं, अधूनमधून एखादा हौशी डॉक्टर. यात पोट भरतं का, असं सगळेच विचारतात. अर्धं भरतं. उरलेलं अर्धं बायकोची शाळेतली नोकरी भरते.

लोकांना वाटतं, रंग मारणं हे काम. रंग मारायला वीस मिनिटं लागतात. खरं काम झाकण्याचं. जिथं रंग जायला नको ती जागा टेपनं, कागदानं, चिकट लगद्यानं बुजवत बसायचं, आणि कॅमोफ्लाजचं विमान असलं की त्यात दोन-दोन दिवस जातात. गॅरेजातही हेच होतं. गाडीच्या काचांवर जुने पेपर लावता लावता मी किती अग्रलेख अर्धे वाचले असतील, गणती नाही.

कॅमोफ्लाजमध्ये सोपी विमानं असतात आणि छळणारी असतात. स्पिटफायर सोपं. ब्रिटिश हवाई मंत्रालयानं पट्ट्यांची वळणं नकाशावर काढूनच दिली होती. एक नकाशा 'ए', दुसरा त्याचीच आरशातली प्रत, 'बी'. एका विमानाला ए, पुढच्याला बी, असं आलटून पालटून. १९४० च्या उन्हाळ्यातलं विमान असेल तर वर गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, पोटाला 'स्काय' नावाचा हिरवट फिकट रंग. १९४१ च्या ऑगस्टपासून तपकिरीच्या जागी 'ओशन ग्रे' आला, कारण लढाई इंग्लंडच्या शेतांवरून सरकून खाडीच्या पाण्यावर आणि पलीकडे फ्रान्सवर गेली होती. साल ठरलं की रंग ठरला. डोकं चालवायची गरज नाही, हात चालवायचा.

छळणारं म्हणजे स्वीडनचं विगेन. काळपट हिरवा, गडद हिरवा, फिकट हिरवा आणि तपकिरी, असे चार रंग, आणि सगळे तुकडे फुटलेल्या काचेसारखे सरळ कडांचे. एकही वळण नाही. मॉडेल करणाऱ्यांची ती पंढरी आहे, एकदा तरी वारी केली पाहिजे असं म्हणतात. मी एकदा केली. तीन आठवडे गेले, टेपची चार भेंडोळी संपली, आणि शेवटची पट्टी सोलल्यावर लक्षात आलं की डाव्या पंखावरचा एक त्रिकोण उलटा रंगवलाय. गिऱ्हाइकाला कळलं नाही. मला अजून कळतं.

तर २०२५ च्या जुलैत बातमी आली की मिग-२१ सप्टेंबरमध्ये हवाई दलातून निवृत्त होणार, चंडीगडला समारंभ. दोन दिवसांत एका ताईंचा फोन. वडील एकाहत्तरच्या युद्धात मिगच्या स्क्वाड्रनमध्ये होते, सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत, त्यांच्यासाठी त्या वेळचं मिग हवं. सव्वीस सप्टेंबरच्या आत. त्यांना कळू द्यायचं नाही.

मिग म्हटल्यावर मला नाही म्हणणं अवघडच. माझं आजोळ पिंपळगाव बसवंतचं. ओझरला एचएएलचा मिगचा कारखाना १९६४ सालचा, आणि आमच्या लहानपणी तिथली विमानं द्राक्षबागांवरून अशी जायची की मामा बोलता बोलता थांबायचा, आवाज गेला की त्याच शब्दापासून पुढं सुरू करायचा. एकाहत्तरमध्ये लढलेलं एफएल हे मॉडेल याच ओझरला बनायचं. इतक्या वर्षांत मी बाहेरून मागवलेली स्पिटफायरं ढिगानं केली, पण मामाच्या बागेवरचं विमान कुणी मागितलं नव्हतं.

ताईंनी एक फोटो पाठवला. काळा-पांढरा, कोपऱ्याला दुमडलेला. बावीस-तेवीस वर्षांचा सडपातळ मुलगा, हाफ स्वेटर, मागं विमानाचं नाक आणि पंखाचं मूळ. एवढंच. पंधरा मीटरच्या विमानातला तीन-साडेतीन मीटरचा तुकडा, त्यातला मीटरभर मुलानं झाकलेला. त्या तुकड्यावर गडद-फिकट असे दोन पट्टे दिसतात, खाली पोट चकाकतंय.

इथं स्पिटफायरसारखा नकाशा मिळत नाही. एफएल विमानं आली ती चांदीसारख्या उघड्या पत्र्याची. ६ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानी सेबर विमानांनी पठाणकोटवर हल्ला केला तेव्हा तळावर उभी असलेली विमानं गेली, त्यात आपली दोन नवी मिगही होती. चकाकणारं विमान उन्हात उभं करणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. एकाहत्तरचं युद्ध दिसू लागलं तशी ज्या त्या स्क्वाड्रननं आपापल्या तळावर, हाताशी असेल तो रंग घेऊन मिग रंगवली. म्हणून एका तळाची नक्षी दुसरीशी जुळत नाही. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंगाचं नाव उतरत नाही, फक्त उजेड-अंधार उतरतो. ताईंना म्हटलं, सहज विषय काढून विचारा. त्यांनी जेवताना विचारलं. उत्तर आलं, "हिरवा आणि मातीसारखा." पुढं काही नाही. भाजीत मीठ कमी आहे एवढंच बोलले म्हणे.

एडुआर्ड कंपनीचा मिग-२१ पीएफचा किट माझ्याकडे पडून होता, अठ्ठेचाळीसास एक या मापाचा. एफएल ही पीएफचीच निर्यातीसाठी केलेली आवृत्ती, त्यामुळं फार कापाकापी नव्हती. कॉकपिटला तो रशियन हिरवट निळा रंग द्यायचा. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो चुकलाच आहे असं वाटतं, इतका तो देवळाच्या गाभाऱ्यासारखा असतो. पोटाखाली जीपी-९ ही बंदुकीची पेटी. एफएलला स्वतःची बंदूक नव्हती, ती अशी खालून बांधावी लागे. ही पेटी मी एका रविवारी दुपारी, मॅच बघता बघता जोडली. फार लक्ष दिलं नाही, हे इथंच सांगून टाकतो.

मग माझी चूक झाली. मी ठरवलं की खऱ्या विमानाला जसं झालं तसंच करायचं, आधी सगळं विमान चांदीचं करायचं आणि वरून कॅमोफ्लाज चढवायचा. म्हणजे पुढं रंग थोडा खरवडला की खालून धातू दिसेल, तो खोटा काढावा लागणार नाही. कल्पना चांगली होती. धातूचा लॅकर चढतो काळ्या चकचकीत रंगावर, आणि आरशासारखा चढला तरच धातू वाटतो. पण जुलै होता, नाशिकला चार दिवस सूर्य नव्हता. ओल्या हवेत लॅकर मारला की थिनर झपकन उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग धुरकट पांढरा पडतो. गॅरेजात अशा दिवशी मिस्त्री गन टांगून ठेवायचे आणि चहा मागवायचे. मी हेअर ड्रायर लावला, रिटार्डर घातला, आणि मारला. चढलाही बरा.

तिसऱ्या दिवशी पोटाची सीमारेषा आखायला टेप लावली. लावताना नेहमीसारखी आधी मांडीवर दोनदा चिकटवून तिचा जोर कमी केला. सोलताना डाव्या पंखाच्या मुळाशी टेपबरोबर रंग आला. चांदी, काळा, प्रायमर, तिन्ही थर. अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा टेपला चिकटलेला, आणि विमानावर किटचं मूळ राखाडी प्लास्टिक. साच्यातून सुटताना प्लास्टिकवर तेलकट अंश राहतो. साबणाच्या कोमट पाण्यानं किट धुवायचा असतो. मी घाईत धुतला नव्हता. ग्रीस पुसल्याशिवाय गन उचलायची नाही, हे मी वयाच्या अठराव्या वर्षी शिकलो होतो.

तो तुकडा मी बराच वेळ उजेडात धरून बघत बसलो. तीन थर एकावर एक, सगळे मिळून कागदाहून पातळ. मग कडा हजारच्या वॉटर पेपरनं, नंतर दोन हजारच्या, पाण्यात बुडवून बुडवून घासल्या. गोल गोल घासत बाहेर जायचं, म्हणजे खड्ड्याची बशी होते आणि कड हरवते. प्रायमर, काळा, चांदी, सगळं परत. चार दिवस गेले. शेवटी नख ओढून बघितलं. अडकलं नाही.

हे नखाचं खूळ उगाच नाही. मॉडेलवर रंगाचा थर वीस मायक्रॉनचा धरा. केसाच्या जाडीच्याही खालीच येतो. पण विमान अठ्ठेचाळीस पट लहान आहे. ती वीस मायक्रॉनची पायरी खऱ्या विमानावर जवळजवळ एक मिलीमीटर उंच होईल. पत्र्यावर मिलीमीटरभर रंग कुणी थापतं का? तरी चांगल्या चांगल्या मॉडेलांवर दोन रंगांच्या मध्ये ही पायरी दिसते. टेप सरळ लावली, वरून रंग दाबून मारला, की रंग टेपच्या कडेला साचतो, आणि टेप निघाली की बांध उभा राहतो. शेताच्या बांधासारखा.

कड किती धूसर ठेवायची, हा दुसरा प्रश्न. गननं रंगवलेल्या विमानावर दोन रंग एकमेकांत मिसळतात ती पट्टी साधारण दोन बोटांची, फार तर पाच सेंटीमीटरची. मॉडेलवर ती एक मिलीमीटर होते. नुसत्या हातानं एअरब्रश फिरवून एक मिलीमीटरची धूसर कड विमानभर सारखी राखणारे लोक आहेत. मी त्यातला नाही. माझा हात दुपारी चारनंतर बरा असतो, सकाळी नाही.

मला इथं मिस्त्रींचीच युक्ती कामाला आली. गाडीच्या दारावर अर्ध्यातच रंग थांबवायचा असेल तर ते टेप पूर्ण चिकटवत नसत. टेपची कड उलटी दुमडून तिचा ओठ उभा ठेवायचे, जरा फुगलेला. रंगाचा फवारा त्या ओठाखाली थोडा शिरतो, थोडा परततो, आणि रेघ उठतच नाही. नवा रंग जुन्यात विरतो. मॉडेलवाले हेच पोस्टर चिकटवायच्या निळ्या लगद्यानं करतात. लगदा तळहाताखाली वळायचा, शेवयांसारखा, दोन-अडीच मिलीमीटर जाडीचा, आणि रंगाच्या सीमेवर वळणावळणानं ठेवत जायचा. दाबायचा नाही, ठेवायचा. शेवई गोल असल्यामुळं खालच्या बाजूला तिची कड विमानापासून किंचित वर राहते. हाच तो ओठ. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मिस्त्रींना फोन करावासा वाटला होता. पण विमानाचं खेळणं रंगवतोस म्हणून ते हसले असते.

शेवई ठेवली तरी फवाऱ्याची दिशा चुकली तर सगळं गेलं. एअरब्रश सरळ वरून, काटकोनात धरायचा. तिरका धरला तर एका बाजूची कड चाकूसारखी आणि दुसरी ढगासारखी येते. मिगचं अंग नळकांड्यासारखं गोल, म्हणजे दर सेंटीमीटरला 'सरळ वरून' बदलत जातं. म्हणून मी विमान एका काडीवर टोचून फिरवत राहतो, ब्रश जागेवर. स्वयंपाकघरातून बायको बघून म्हणाली, "कणीस भाजताय का?"

नक्षी कुठून आणली? नाकाची नक्षी फोटोतून घेतली, मिलीमीटर मोजून. पुढचं सगळं मी ठरवलं, हे कबूल करतो. पण हवेतून नाही. फोटोत पट्टा ज्या तिरकसपणे नाकावरून पंखाकडे उतरत होता, तो पुढं पंखावर कसा जाईल याला हाताची एक रीत असते. पायाशी उभं राहून, हात वर करून, पोचेल तिथपर्यंत रंग ओढणाऱ्या माणसाची वळणं रुंद आणि आळशी येतात, नकाशावरून उतरवलेल्यासारखी आटोपशीर नाहीत. मी तशी काढली. पंखांचा पसारा खऱ्याचा ७.१५ मीटर, माझ्याकडे पंधरा सेंटीमीटरला जरा कमी. त्यात प्रत्येक बाजूला दोनच पट्टे मावतात. तिसरा काढून बघितला, झेब्रा दिसायला लागला, पुसला.

आधी मातीचा रंग पोट सोडून सगळीकडे, एक दिवस वाळवला. मग दुपारी चारला शेवया ठेवायला बसलो ते रात्री साडेअकरापर्यंत. शेवयांच्या आतली जागा टेपच्या बारीक तुकड्यांनी भरायची, फरशी बसवतात तशी, एकही फट नको. पोटाच्या रेषेला मात्र टेप. तिथं मला कडक कड हवी होती, फोटोत तशी दिसत होती. टेपच्या कडेखालून हिरवा शिरू नये म्हणून आधी तिथं खालचाच रंग, चांदी, हलकी मारून घेतली. फट असेल तर ती चांदीनंच भरते, मग हिरव्याला आत जायला वाट उरत नाही. गॅरेजात हे कुणी करत नव्हतं. हे मी मॉडेल करतानाच शिकलो.

हिरवा दुधाइतका पातळ केला, दाब पंधरा पीएसआय, आणि तीन हलक्या हातांत मारला. घड्याळ बघितलं, अठरा मिनिटं झाली होती.

सोलायला मी सकाळपर्यंत थांबत नाही. रंग पूर्ण कडक झाला की कड तुटते. हाताला लागेनासा झाला की लगेच काढायचं. टेप स्वतःवरच उलटी वळवून, पृष्ठभागाला लागून, गोगलगायीच्या वेगानं. शेवया दुसऱ्या लगद्याच्या गोळ्यानं टिपून उचलायच्या. रात्री दीड वाजता शेवटचा तुकडा निघाला. दोन रंगांच्या मध्ये एक मिलीमीटरची धूळ उडाल्यासारखी कड होती, विमानभर सारखी. डाव्या पंखाच्या मुळाशी, जिथं थर उचलला होता, तिथंही. मी नख ओढलं. एकटाच होतो, तरी "ठीक आहे" असं मोठ्यानं म्हणालो.

पुढची कामं भराभर झाली. चक्राच्या खुणा, नंबर, थोडा धुराचा काळपटपणा. पंखावर माणसं चढतात तिथला रंग बारीक स्पंजनं टिपून उडवला, खालची चांदी दिसली. चार दिवस वाया घालवणारी कल्पना तिथं पाच मिनिटांत कामाला आली.

सव्वीस सप्टेंबरला सकाळी पेटी घेऊन ताईंच्या घरी गेलो. इंदिरानगरात, दुसरा मजला. टीव्हीवर चंडीगड चालू होतं. काका खुर्चीत, चष्मा कपाळावर, साताऱ्याकडची बोली अजून तशीच. शेवटची मिग-२१ बायसन विमानं उतरली, पाण्याच्या फवाऱ्यांनी त्यांना सलामी दिली. काका काही बोलले नाहीत. ताईंनी आवाज कमी केला आणि पेटी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

काकांनी झाकण काढलं. चष्मा खाली ओढला. विमान दोन्ही हातांनी उचललं, कोपऱ्यांना धरून, मी धरतो तसंच, आणि उलटं केलं.

माझा सगळा कॅमोफ्लाज खाली गेला. रुंद आळशी वळणं, एक मिलीमीटरची कड, दीड वाजेपर्यंतची रात्र, सगळं त्यांच्या तळहातावर. वर आलं चांदीचं पोट आणि त्यावर ती रविवारी मॅच बघता बघता चिकटवलेली पेटी.

"बाबा, वरून बघा ना," ताई म्हणाल्या. "रंग किती छान दिलाय दादांनी."

"वरनं कधी बघितलंय आम्ही," काका म्हणाले. "मी आर्मरर. उताणं पडायचं खाली आन् हे भरायचं." त्यांनी बोटानं पेटी दाखवली. मग माझ्याकडे बघून, "यात राउंड किती माहीतेत?"

"दोनशे," मी म्हणालो.

"हां." त्यांनी पेटीच्या बाजूनं अंगठ्याचं नख हळूच ओढलं. मागच्या टोकाशी, जिथं सांधा नीट घासला नव्हता, तिथं ते अडकलं.